रात्रीची लाईट, मळ्यातली मोटर आणि गेम : कोणता खेळ आपल्या वेळेची कदर करतो?

केळीवाला_रावेर

नमस्कार मंडळी,

ग्राफिक्स कसे, गोष्ट कशी, किती तास चालतो हे सगळेच लिहितात. मला या धाग्यात एकच बोलायचं आहे : खेळ आपल्या वेळेशी कसा वागतो. मधेच उठावं लागलं तर उठू देतो का, आणि परत येऊन बसलो की आपलं काय शिल्लक असतं.

शेतीपंपाची लाईट रात्रीची असते तेव्हा मी मळ्यातल्या खोलीत मुक्कामी असतो. ठिबकचे व्हॉल्व्ह बदलायचे, एखादा फेज गेला की स्टार्टर बघायचा, फिल्टर धुवायचा. मधल्या वेळात मोबाईल नाहीतर जुना लॅपटॉप. कधी उठावं लागेल ते सांगता येत नाही. या परिस्थितीत खेळाचा खरा स्वभाव कळतो, असं माझं मत झालं आहे.

स्टारड्यू व्हॅलीपासून सुरू करतो. २०१६ चा हा खेळ एरिक बरोन या एकट्या माणसाने बनवला. चित्रं, संगीत, गोष्ट, कोडिंग, सगळं त्याचं. आजोबांची पडीक शेती वाट्याला येते आणि ती उभी करायची. खेळातला दिवस सकाळी ६ ला सुरू होतो, रात्री २ ला संपतो, आणि आपल्या घड्याळात त्याला साधारण १४ मिनिटं लागतात. पुढचा व्हॉल्व्ह बदलायच्या आधी एक दिवस आरामात बसतो. कॉम्प्युटरवर अडचण अशी की खेळातला माणूस झोपल्याशिवाय सेव्ह होत नाही. लाईट गेली तर तो अख्खा दिवस गेला. मोबाईलवर ॲप कुठेही बंद करा, परत तिथूनच सुरू. त्यामुळे मळ्यासाठी मोबाईलचाच.

लोक त्याला निवांत खेळ म्हणतात, पण त्यातला हंगाम निवांत नाही. प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा. भोपळ्याला १३ दिवस लागतात, म्हणजे शरद ऋतूत १५ तारखेनंतर लावला तर हाती काही येत नाही, ऋतू बदलताच पीक वाळून जातं. पेरणीची तारीख चुकली की मेहनत वाया, ही गोष्ट इतक्या सरळपणे सांगणारा दुसरा खेळ माझ्या माहितीत नाही.

आता उलट टोक. प्रोजेक्ट आयजीआय. २००० साल, नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजचा खेळ. १४ मिशन, आणि मिशनच्या मधे सेव्ह नाहीच. तारेचं कुंपण कापून आत गेलात, कॅमेरे बंद केले, अर्धा तास कष्ट केले आणि शेवटच्या मनोऱ्यावरच्या एका गड्याने टिपलं की पहिल्यापासून. वेळेची कदर म्हणाल तर शून्य. तरीही मी त्याला मोठा खेळ मानतो. दुर्बिणीतून पहारेकऱ्याची फेरी मोजायची, वरून घेतलेला नकाशा बघून वाट ठरवायची, हा धीर त्या न मिळणाऱ्या सेव्हमुळेच आला. २००३ च्या दुसऱ्या भागात मोजके सेव्ह दिले आणि छातीतली धडधड कमी झाली.

१९८९ चा प्रिन्स ऑफ पर्शियाही असाच कडक, पण प्रामाणिक. ६० मिनिटांत राजकन्येपर्यंत पोचायचं. मेलात तरी घड्याळ मागे जात नाही. जॉर्डन मेकनरने स्वतःच्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचं चित्रण केलं आणि त्यावरून एकेक हालचाल काढली, म्हणून त्या राजपुत्राच्या पावलाला वजन आहे. उडी मारायच्या आधी अंतर मापावं लागतं. वेळ कमी आणि घाई करायची सोय नाही, यातच त्याची सगळी गंमत.

माझा राग आहे तो तिसऱ्या प्रकारावर. रोज हजेरी लावा, नाहीतर बक्षीस हुकेल. सीझन संपायला चार दिवस राहिले, या. खेळ चालू नसतानाही जो खेळ आपला वेळ मागतो, त्याला मी चांगला म्हणणार नाही, मग चित्रं कितीही देखणी असोत.

तुमचं मत लिहा. खेळ कोणताही चालेल, नवा-जुना.

भुसावळ_यार्ड

दादा, विषय जिव्हाळ्याचा काढलात. आम्ही रेल्वे क्वार्टरमधली पोरं, टीव्हीला जोडायच्या डब्यावर वाढलेली. पिवळी कॅसेट, तिच्यावर लाखो गेम लिहिलेले आणि आत तेच दहा-पंधरा फिरून फिरून.

सुपर मारिओ (१९८५) मध्ये ८ जगं, ३२ टप्पे आणि सेव्ह नावाचा प्रकार नाही. पण मिशीवाल्या या गड्याला बनवणाऱ्यांनी वेळेचा विचार केला होता. पहिल्या जगाच्या दुसऱ्या टप्प्यात विटांच्या छतावरून चालत शेवटपर्यंत गेलं की पाइप मिळतात, त्यातून थेट चौथ्या जगात. तिथे ४-२ मध्ये वेल उगवणारी वीट शोधली की तिथून आठव्यात. म्हणजे ज्याला खेळ कळला त्याच्यासाठी वाट छोटी केलेली. आणखी एक : गेम ओव्हर झाल्यावर ए दाबून धरून स्टार्ट दाबलं की ज्या जगात मेलात त्या जगाच्या सुरुवातीपासून खेळता येतं. आमच्या चाळीत हे एकाच पोराला माहीत होतं आणि तो कुणाला सांगत नसे.

लाईट गेली की मात्र सगळंच पुसलं जाई. पुढे लोडशेडिंग आलं तेव्हा वेळापत्रक पाहूनच डबा लावायचो. लाईट जायला पाऊण तास असेल तर मारिओ, पंधरा मिनिटं असतील तर रोड फायटर नाहीतर सर्कस. काँट्रा दोघांनी मिळून खेळायचा, तीस जीव घेऊन, आणि आठही टप्पे एका बैठकीत. हा हिशोब कुणी शिकवला नव्हता.

डक हंटबद्दल लिहायलाच हवं, कारण नव्या पोरांना वाटतं की ती बंदूक नुसती खेळणं होती. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि बदक जिथे असेल तिथे पांढरा चौकोन उमटतो. बंदुकीच्या नळीत प्रकाश ओळखणारा भाग आहे, त्याला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं की नेम लागला. जुन्या नळीच्या टीव्हीवर चित्र येताच पडद्यावर उमटायचं, म्हणून हे जमायचं. आताच्या एलसीडीवर चित्र थोडं उशिरा उमटतं, बंदूक बघते तेव्हा चौकोन आलेलाच नसतो. जुना डबा कुणी जपला असेल तर जुना टीव्हीही भंगारात देऊ नका.

अमळनेरी

मस्त धागा शे भो! वाची ऱ्हायनू. रात्री निवांत लिहितो.

नंदुरबार_मिरची

केळीवाला दादा, राग समजला पण पूर्ण पटला नाही.

मी होस्टेलवर राहतो. आमच्यातले चौघं चार तालुक्यांतले, एक धडगावचा, एक नवापूरचा. सुट्टीत घरी गेलो की भेट होते ती बीजीएमआयच्या, म्हणजे पबजीच्या भारतीय आवृत्तीच्या, एका राउंडमध्ये. १०० खेळाडू, ८ बाय ८ किलोमीटरचं एरंगल बेट, निळ्या झोनमुळे खेळायची जागा आकसत जाते आणि अर्ध्या तासात निकाल. मधे थांबवता येत नाही हे खरं, पण समोर ९९ माणसं आहेत, ती आपल्यासाठी का थांबतील? कबड्डीत चढाईच्या मधे कुणी पाणी प्यायला जातं का? त्या अर्ध्या तासात आम्ही एकमेकांच्या घरचं, पिकाचं, परीक्षेचं सगळं बोलून घेतो.

२ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली तेव्हा गेम गेल्याचं कमी वाटलं, चौघांची बसायची जागा गेल्याचं जास्त. जुलै २०२१ मध्ये क्राफ्टनने बीजीएमआय आणला, जुलै २०२२ मध्ये तोही स्टोअरवरून काढला, मे २०२३ मध्ये परत आला. एवढ्या वेळा हातातून सुटलेला खेळ आम्ही परत धरला तो बक्षिसांसाठी नाही.

केळीवाला_रावेर

मिरची भाऊ, चढाईचा मुद्दा मान्य. राउंडचा अर्धा तास खेळाचा आहे आणि तो खेळाने घ्यावाच, कारण आधीच सांगून घेतो. माझा आक्षेप राउंडच्या बाहेरच्या गोष्टींवर आहे : पेट्या, रोजची कामं, मुदतीचे पोशाख. मळ्यात माझ्यासोबत असलेला एक पोरगा झोपायच्या आधी न खेळता नुसता लॉगिन करून हजेरी लावतो. त्याला विचारलं तर म्हणतो, तुटायला नको. तुमच्या चौघांच्या गप्पांना त्या हजेरीची गरज नाही, हे तुम्हीच लिहिलंत.

भुसावळ_यार्ड

यात रमीबिमी आणू नका एवढी विनंती. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कायदाच केला. तो विषय वेगळा आहे आणि त्यात घरं बसली आहेत. त्यावर वेगळा धागा काढा, मी लिहीन.

सातपुड्याची_लेक

चोपड्याहून. घरची कपाशी आहे, म्हणून फार्मिंग सिम्युलेटरबद्दल लिहिते.

स्विस कंपनी जायंट्स सॉफ्टवेअरचा हा खेळ २००८ पासून येतो आहे. कपाशी त्यात आली ती १९ क्रमांकाच्या आवृत्तीत. मी फार उत्सुकतेने लावली. खेळात कपाशी वेचायला घराएवढं यंत्र आहे. ते शेतातून एकदा फिरतं, मागून कापसाची प्रचंड गाठ टाकतं आणि शेत रिकामं होतं. आपल्याकडे एक वेचणी दसऱ्याच्या सुमारास, मग दुसरी, तिसरी, ओलं असेल तर फरदड, म्हणजे तीच झाडं ठेवून घेतलेलं उशिराचं पीकही. बायका पाठीला झोळ बांधून ओळीने जातात आणि संध्याकाळी काट्यावर किलोने मजुरी ठरते. एकाच झाडावर आज फुटलेलं बोंड, आठ दिवसांनी फुटणारं आणि अजून हिरवं असलेलं, तिन्ही असतात. खेळातल्या शेतात सगळं एकदमच फुटतं, म्हणून एकदाच वेचता येतं. पिकाचा वेळ त्यांनी यंत्राच्या सोयीने कापला आहे. गुलाबी बोंडअळीचं तर नावच नाही.

पण २२ क्रमांकाच्या आवृत्तीत त्यांनी एक फार चांगलं केलं. ऋतू आणले, आणि कापसाचं पुढे काय होतं ते दाखवलं. कापूस सूतगिरणीत न्या, कापड होतं; कापड शिंप्याकडे न्या, कपडे होतात; प्रत्येक पायरीला भाव वाढतो. खान्देशात पिढ्यान्‌पिढ्या कच्चा कापूस ट्रॅक्टरमध्ये भरून जिनिंगवर, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यावर, नेऊन सोडला जातो. त्याच्या पुढचा पैसा कुठे जातो हे माझ्या धाकट्या भावाला कुठल्या भाषणातून कळलं नव्हतं. गिरणी आणि शिंप्याचं दुकान स्वतः चालवल्यावर तो वडिलांना विचारायला लागला, आपण जिनिंगच्या पुढे का जात नाही. वडिलांनी त्याला रात्री तासभर भांडवलाचा हिशोब समजावला. खेळामुळे घरात एवढं नीट बोलणं झालं, हे मला महत्त्वाचं वाटतं.

वेळेबद्दल म्हणाल तर हा खेळ दाता आहे. कुठेही सेव्ह करा, महिना किती दिवसांचा हवा ते तुम्हीच ठरवा, काळ पळवा किंवा सावकाश सोडा.

डिझेल_आणि_डांबर

आमचे वडील ट्रकवर. सावद्याहून केळी भरून दिल्लीच्या दिशेने. मी युरो ट्रक सिम्युलेटर २ खेळतो. २०१२ चा आहे, प्रागच्या एससीएस सॉफ्टवेअरचा, अजून नवनवे देश जोडत आहेत.

यातला वेळेचा खेळ फार विचारपूर्वक आहे. हायवेवर नकाशा १ ला १९ या प्रमाणात छोटा केलेला आणि घड्याळही तेवढंच पळतं. शहरात शिरलात की दोन्ही सावकाश, १ ला ३. रस्ता संपता संपत नाही ही भावना राहते आणि वळण, चौक, गोडाऊनचं फाटक या ठिकाणी पुरेसा वेळ मिळतो. झोप टाळली तर ड्रायव्हर जांभया देतो, डोळे मिटतात, दंड बसतो. शेवटी ट्रेलर रिव्हर्समध्ये लावायचा. सोपी जागा निवडा, कमी गुण. अवघड निवडा, जास्त. घाईत असाल तर सोडून द्या, तरी माल पोचला. तिन्ही पर्याय समोर ठेवतो आणि निवड तुमची.

वडिलांना एकदा स्टीअरिंगवर बसवलं. त्यांनी पहिल्या झटक्यात ट्रेलर उलटा लावला आणि म्हणाले, आरसे चांगले दिलेत. मग विचारलं, माल खराब होत नाही का यात? होतो, पण धडकलं तरच. वाटेत उशीर झाला तर भाडं कापतात, मात्र ट्रकमधली केळी पिकत नाहीत. त्यांना ते अपुरं वाटलं, आणि मलाही. मालाला स्वतःचं घड्याळ असतं हे केळी वाहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

पांझराकाठ

धुळ्याहून. मी शिक्षिका आहे, दिवसातला माझा असा अर्धा-पाऊण तासच असतो, म्हणून छोट्या खेळांची बाजू मांडते. इथे कुणीच मांडली नाही.

फ्लोरेन्स, २०१८, मोबाईलवर. अर्ध्या तासात संपतो. पंचविशीतली मुलगी, तिला क्रिश नावाचा चेलो वाजवणारा मुलगा भेटतो. संवाद जवळपास नाहीतच. पहिल्या भेटीत बोलायचं म्हणजे फुग्यातले तुकडे जुळवायचे. तुकडे पुष्कळ, आकार अवघड. ओळख वाढत जाते तसे तुकडे कमी होतात, शेवटी एकच उरतो, नुसता ठेवायचा. भांडणात तेच तुकडे टोकदार होतात आणि भराभर जुळवावे लागतात. बोटांना जे कळतं ते मग कुणी समजवावं लागत नाही. तो माझ्याकडे राहायला येतो तेव्हा फडताळावर त्याच्या वस्तूंना जागा करायची. माझं काय काढू, त्याचं काय ठेवू, हे ठरवताना मी खरोखर थांबले होते.

दुसरा वेण्बा, २०२३, टोरांटोच्या विसाई गेम्सचा. १९८० च्या दशकात कॅनडात गेलेलं तमिळ कुटुंब. आईने दिलेली पाककृतींची वही फाटलेली, पुसट झालेली, आणि राहिलेल्या खुणांवरून पदार्थ जमवायचा. इडलीपात्राच्या ताटल्या कशा ठेवल्या की वाफ सगळीकडे जाईल, हे तिथे कोडं आहे. कृतीतला कुठला टप्पा आधी आणि का, हे समजलं तरच सुटतं.

तो संपवल्यापासून माझ्या मनात खापरावरचे मांडे आहेत. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत वाढवायचा आणि उलट्या खापरावर अलगद टाकायचा. आमच्या सासूबाई करतात, मला अजून साधलेलं नाही, आणि वहीत लिहून ते येणारही नाही कारण सगळं मनगटात आहे. पण मोबाईलच्या पडद्यावर दोन बोटांनी तो गोळा पेलायचा, एका बाजूला जड झाला तर फाटणार, हा खेळ होऊ शकतो. भरिताचाही होईल : वांगी काड्यांवर भाजायची, सोलायची, बडगीत ठेचायची. आपल्याकडच्या कामांमध्ये खेळ दडलेले आहेत. ते बनवायला आपल्यातलं कुणीतरी बसलं पाहिजे, असं मला फार मनापासून वाटतं.

अमळनेरी

ताई, बनवणारे आहेत. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा राजी, २०२०. हरवलेल्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली मुलगी. राजस्थानी वाडे, पहाडी चित्रशैली, हातात त्रिशूल, आणि गोष्ट सांगायला साक्षात दुर्गा आणि विष्णू. भिंतींवरची चित्रं बघत मी किती वेळ उभा राहिलो असेन. मारामारी मात्र पुढे पुढे तीच ती होते आणि शेवट असा तुटतो की दुसरा भाग हातात असल्यासारखं पान उलटावंसं वाटतं. तरीही प्रत्येकाने खेळावा. आपल्या मातीतलं असं देखणं बनवता येतं याचा पुरावा आहे तो.

पण खान्देशचा, अहिराणी बोलणारा? तो अजून नाही.

नंदुरबार_मिरची

केळीवाला दादा, स्टारड्यूमध्ये केळी आहे ना? तुम्ही तर त्यावर लिहिलंच नाही.

केळीवाला_रावेर

मुद्दाम ठेवलं होतं. डिसेंबर २०२० च्या १.५ आवृत्तीत जिंजर आयलंड आलं आणि सोबत केळी. बेटावरच्या व्यापाऱ्याला ड्रॅगनचे ५ दात दिले की रोप मिळतं. २८ दिवसांनी ते झाड होतं आणि मग उन्हाळ्यात, बेटावर तर बारमाही, रोज एक केळं देतं. वर्षानुवर्षं.

केळीचं असं झाड नसतंच. एका खोडाला आयुष्यात एकच घड. टिश्यू कल्चरचं रोप लावलं की सात-आठ महिन्यांनी निसवण, कमळ बाहेर पडतं, फण्या सुटतात, आणि वर्षाच्या आसपास कटाई. खोड कापायचं आणि बाजूचं पील, म्हणजे बुंध्यालगत फुटलेलं पिल्लू, वाढवायचं. मधल्या काळात सीएमव्ही हा विषाणूचा रोग आला तर रोपं उपटून टाकायची, मे-जूनमध्ये वादळ आलं तर घड लागलेली बाग एका रात्रीत आडवी. सगळ्यातून वाचलं तर बोर्डभाव, म्हणजे बाजाराचा रोज जाहीर होणारा दर. बऱ्हाणपूरला आज काय निघाला, रावेरला काय, रोज वेगळा. स्टारड्यूत तुम्ही हजार नग विका, भाव एक पैसाही हलत नाही.

खेळाने सगळं खरं दाखवावं असं माझं म्हणणं नाही. पण केळीतली सगळ्यात सुंदर गोष्ट, म्हणजे आई कापायची आणि पील मोठं करायचं, हीच नेमकी सुटली.

सातपुड्याची_लेक

मग आपण घालू. स्टारड्यूला मॉड करणं, म्हणजे त्यात आपली भर घालणं, अवघड नाही. कंटेंट पॅचर या त्यासाठीच्या साधनाने नवं पीक घालायला एक मजकुराची फाइल आणि चित्रांची पट्टी लागते. फाइलमध्ये पीक कुठल्या ऋतूत जगतं, प्रत्येक टप्प्याला किती दिवस, आणि तोडल्यावर किती दिवसांनी परत येतं एवढं लिहायचं. खेळातलंच एन्शंट फ्रूट हे पीक तीन ऋतू जगतं, २८ दिवसांत तयार होतं आणि दर ७ दिवसांनी परत देतं, म्हणजे लांब पिकाची सोय आहेच. केळीला तोडणीनंतरचा काळ मोठा ठेवला आणि परत वाढतानाचं चित्र पिलाचं काढलं की आई-पील दिसेल. वादळ आणि बोर्डभाव यांना मात्र खरा कोड लागेल, ते नंतर.

चित्रं मी काढते. प्रत्येक टप्पा १६ बाय ३२ पिक्सेलचा, एवढ्यात बसवायचंय. तुम्ही फोटो द्या : नुकतं लावलेलं, तीन महिन्यांचं, निसवण, भरलेला घड आणि खोड कापल्यावरचं पील. सरळ समोरून, मागे आकाश येईल असे काढा.

पांझराकाठ

नावं अहिराणीत द्या. मजकूर मी तपासून देईन.

केळीवाला_रावेर

उद्या सकाळी काढतो. निसवणीचा फोटो आत्ता मिळणार नाही, माझ्या बागेला अजून महिनाभर अवकाश आहे. शेजारच्या शिवारात आगाप लावलेली आहे, त्यांना विचारून तिथला आणतो. बाकी चार टप्पे घरच्याच इतर बागांतले.